गच्चीवरचा तिसरा वाटा

सातमजली इमारतीच्या गच्चीवर भात पिकवून मालकाचा वाटा इमानेइतबारे बाजूला काढणारं कूळ आख्ख्या भाईंदरमध्ये एकच आहे, आणि ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका.

आमची सोसायटी काकांचे आजोबा कसत असलेल्या खारजमिनीवर उभी आहे. कसायचे आजोबा, मालक दुसराच. गोऱ्या साहेबाच्या राज्यातला तो करार: पिकाचा तिसरा वाटा मालकाने न्यायचा आणि बदल्यात खाडीचं पाणी अडवणारा बांध राखायचा. काका अजून पत्तासुद्धा शेताच्या नावाने सांगतात. एकदा गॅसवाल्याला त्यांनी फोनवर 'चिंचेच्या खाचरात, वरच्या अंगाला' असं सांगितलं. तो बिचारा तासभर चिंच शोधत फिरला. गच्चीवर रंगाचे वीस रिकामे डबे, त्यात आजोबांच्या वेळचं, खाऱ्या पाण्याला न जुमानणारं बियाणं. पीक जेमतेम दोन किलो, पण तीन ढीग घातल्याशिवाय काका दाण्याला हात लावत नाहीत. मालक कधीच गेला, म्हणून तिसरा ढीग चिमण्यांना.

गेल्या वर्षी सेक्रेटरीभाईंच्या छताला ओल आली आणि कमिटीने डबे हटवायचं ठरवलं. नोटिशीवर माझीही सही होती, हे कबूल केलेलं बरं. डबे गेले की पेरणी गेली, आणि एक वर्ष पेरलं नाही की ते बियाणं संपलं. काका दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कापणी उरकून, पितळेच्या डब्यात भात घेऊन ते थेट सेक्रेटरीभाईंच्या दारात उभे राहिले. भाईंना वाटलं प्रसाद आहे. त्यांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

काका शांतपणे म्हणाले, "गच्ची तुमची, म्हून तिसरा वाटा तुमचा. घेतला ना? मंग आता बांध तुमी राखाचा."

करार समजावून सांगितल्यावर भाई पोट धरून हसले, पण माणूस शब्दाचा पक्का. आधी गच्ची दुरुस्त झाली, मग डब्यांसाठी विटांचा उंच ओटा आणि पाणी वळवायला कडेने छान बांध.

या पावसाळ्यात पेरणीला मी मुद्दाम वर गेलो. काका त्या बांधावर हात ठेवून बसले होते.

"आजा जलमभर वाटा देत रायला," ते म्हणाले. "बांध फुटला का सवताच चिखलात उतरून बांधाचा. वाटा घेऊन बांध घातलेला मालक मी आज पयल्यांदा बघतंय."