इतिवृत्तात न घेतलेलं

नगरपरिषदेत एकवीस वर्षं सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. सभा अडीच तास चालायची आणि कागदावर दोन पानं यायची. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन' एवढं लिहिलं की अर्धी सभा त्यात मावते. जे मावायचं नाही, ते माझ्याबरोबर घरी यायचं. निवृत्त होताना कपाटं, फायली, शिक्के सगळ्याचा चार्ज दिला. याचा चार्ज कोणाला देणार? आता पाहुणे आले, चहा ठेवला, की एकेक आपोआप बाहेर पडतं.

* * *

नवे मुख्याधिकारी साहेब घाटावरचे. त्यांची पहिलीच सभा होती. आमच्याकडे विषय शुद्ध मराठीत वाचला जातो आणि तापला की मालवणीत जातो. बाबलकाका उठले. पाच वेळा निवडून आलेले, आवाज असा की माइक नसला तरी चालतं. म्हणाले, "आमच्या वाडीतली बांय पडली. आठ दिस झाले, कोण बघूक येवक नाय."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी मनापासून विचारलं, बाईंना फार लागलं का, दवाखान्यात हलवलं का.

काका शांतपणे म्हणाले, "साहेबानु, तिका दवाखान्यात नेवक गावची नाय. तिचो कठडो बांधूचो आसा."

बांय म्हणजे विहीर, हे मी साहेबांना हळूच सांगितलं. सगळ्यात आधी तेच हसले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी विहीर पाहिली आणि पावसाआधी कठडा बांधून झाला. पुढे बदली होईपर्यंत काका दिसले की साहेब विचारायचे, "बाईंची तब्येत कशी आहे?"

* * *

सभेची सुरुवात दुखवट्याने व्हायची. मागच्या महिन्यात वारलेल्या नागरिकांची नावं मी वाचायचे आणि सगळे दोन मिनिटं उभे राहायचे. एकदा नावं वाचून मान वर केली, तर त्यातलेच एक गृहस्थ प्रेक्षकांच्या बाकाजवळ डोळे मिटून उभे! निवृत्त पोस्टमन. वारले होते ते त्यांच्याच नावाचे दुसरे. माझ्या हातून वाडी चुकीची वाचली गेली होती.

सभा संपताच धावत गेले, माफी मागितली, दुरुस्ती करते म्हटलं. ते अजिबात रागावले नव्हते. म्हणाले, "ऱ्हवांदे. माझ्यासाठी कोण कोण उभी ऱ्हवतत, ता जितेपणी बघूक गावला. फक्त तो तिसऱ्या खुर्चेवरचो मोबाईल बघी होतो, तेचा नाव लिवन ठेव."

दुरुस्ती केली. ते नाव काही मी लिहिलं नाही. त्यांच्या लक्षात होतंच, आणि ते वर्ष निवडणुकीचं होतं.

* * *

विकास आराखड्याचा मसुदा आला. शहरातल्या कोणा सल्लागाराने केलेला, रंगीत, भिंतभर मोठा. अभियंता काठीने एकेक आरक्षण दाखवत होता. काठी एका हिरव्या चौकोनावर थांबली. मुलांसाठी क्रीडांगण.

बाबलकाका उठून नकाशाजवळ गेले, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिले. त्या जागेवर भरतीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, हे गावात कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

"जागा बरी आसा," काका म्हणाले. "फक्त मॅची ओहोटी बघून लावया."

मी लिहिलं, 'प्रत्यक्ष जागेची पाहणी करून फेरविचार व्हावा.'

* * *

काकांना मात्र एकदाच तोडीस तोड उत्तर मिळालं. ते दिलं सुनंदाने. सुनंदा आमची मासे विकणारी नगरसेविका. पहाटे बाजारात माशांची पाटी घेऊन बसायची आणि सभा असली की अंघोळ करून, साडी बदलून अकराला सगळ्यांच्या आधी हजर.

काकांना किनाऱ्यावर मोठा दिवा हवा होता. पर्यटक संध्याकाळी थांबतील, चार जणांच्या भेळेच्या गाड्या चालतील, असं त्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं. सुनंदा म्हणाली, तिथेच कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाकडे धावतात आणि समुद्र सोडून रस्त्यावर जातात. आदल्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने ती टोपलीतून नेऊन पाण्यात सोडली होती.

काका म्हणाले, "कासवां मतां देतत काय?"

"देनत नाय, काकानु," सुनंदा म्हणाली. "पण ती वर्साक परत तरी येतत. तुम्ही निवडान इल्यार पाच वर्सां दिसनास नाय."

सगळ्यात मोठ्याने काकाच हसले. दिवा एस.टी. स्टँडजवळ लागला.

* * *

मग मासळी बाजाराची नवी इमारत झाली. दोन रांगांत फरशीचे ओटे, नळ, डोक्यावर छप्पर. पण रस्ता सोडून आत यायला एकही बाई तयार नव्हती. गिऱ्हाईक स्कूटरवरून न उतरता मासे घेतं, ते आत कशाला येईल, असं त्या म्हणायच्या आणि ते खोटं नव्हतं.

रस्त्यावर विक्रीला बंदी घालायचा ठराव आला. सुनंदाने बाजूने हात वर केला. बाळंतपणाला निघालेल्या तिच्या शेजारणीची रिक्षा त्याच गर्दीत अडकलेली तिने पाहिली होती.

बाजारात सगळ्यात म्हातारी जनाकाकी. सुनंदा लग्न होऊन आली तेव्हा तिला पाटी लावायला, भाव करायला काकीनेच शिकवलेलं. ठराव झाल्यावर काकीने भर बाजारात तिला सांगितलं, "आजपासना तू माझी कोण नाय."

बायकांना दोन महिन्यांची मुदत होती. सुनंदा दुसऱ्याच दिवशी आत जाऊन बसली. एकटी. किती विक्रेत्या आत आल्या ते रोज बघून कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी रोज जायचे आणि रोज 'एक' लिहायचे. सगळ्यात शेवटच्या ओट्यावर ती बांगड्यांवर पाणी शिंपडत बसलेली असायची. बाहेर कलकलाट, आत माश्यासुद्धा नाहीत. उरलेले मासे घरी नेऊन ती मिठात घालायची.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, मुदत आहे, तोवर बाहेर बस, तुला कोणी काही म्हणणार नाही.

ती म्हणाली, "हात वर केलंय मॅडम. आता तो खाली कसो घेव?"

असे वीसेक दिवस गेले. एका सकाळी मी दारात उभी होते, तर मागून जनाकाकी आली. डोक्यावर पाटी. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या ओट्यांमधून ती सरळ शेवटपर्यंत चालत गेली. तिला येताना बघून सुनंदा उठून उभी राहिली.

काकीने आपली पाटी सुनंदाच्याच ओट्यावर टेकवली आणि म्हणाली, "वायच सरक गो."