एका टेबलामागे एकच माणूस

जयंतीला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. पुण्यात अकरा वर्षं तिने ब्लाउज शिवले. बाही घट्ट झाली म्हणून तणतणत येणाऱ्या बायकांना ती नुसतं कुजबुजून गार करायची. दोन हजार वीसच्या सप्टेंबरातल्या त्या शनिवारी, युट्रेख्ट या डच शहरातल्या हॉलच्या दारात, तिचा आवाज पार चपलेपर्यंत उतरला होता.

कारण मारलूस. प्रदर्शन भरवणारी बाई. हातात याद्या, मान तिरकी, तोंडी 'मेव्राऊ' म्हणजे बाईसाहेब, आणि बाळाला औषध पाजताना काढतात तसला आवाज. "सॉऽऽरी, मेव्राऊ. कोरोना! एका टेबलामागे एकच माणूस. दीऽऽड मीटर, हं?"

"मग ते साबणवाले दोघं कसे?"

"एकाच घरातले."

"आणि मेणबत्त्यांच्या टेबलामागे तिघी आहेत, त्या?"

मारलूसची मान दुसऱ्या बाजूला तिरकी झाली. "बघा, लोक या टेबलाशी ऑथेंऽऽटिक आफ्रिका बघायला येतात. तुम्ही उभ्या राहिलात तर त्यांचा गोंधळ होईल. तुम्ही इंडिया ना? ल्यूक!"

ल्यूक म्हणजे छान. इथे कुत्रं ल्यूक, पाऊस थांबला ल्यूक, आणि माणसाला दाराबाहेर काढायचं, तेही ल्यूक!

ऑथेंटिक म्हणे! डीमन गावातल्या एकाच इमारतीत घानाची एफुआ वरच्या मजल्यावर, जयंती खालच्या. कापड एफुआ आणायची, बेतायची, कापायची. शिवण, अस्तर, पायपिंग जयंतीचं. लॉकडाउनमध्ये एकमेकींच्या घरी जायची चोरी, तर एफुआ बाल्कनीतून मावशीने विणलेली टोपली दोरीने खाली सोडायची. असे अठरा कोट त्या टोपलीतून खालीवर झाले, तेव्हा कुठे हे पहिलं प्रदर्शन. आणि टेबलावर मारलूसने छापलेलं कार्ड काय? 'एफुआ, आफ्रिका.' घानासुद्धा नाही! उद्या मारलूसच्या नावापुढे नुसतं 'युरोप' लिहिलं तर चालेल का तिला?

"जाऊ दे," जयंती कुजबुजली. "तुझं पहिलं प्रदर्शन आहे. मी थांबते बाहेर."

"आपलं," दारापर्यंत आलेली एफुआ म्हणाली. एवढंच.

बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी जयंती उभी राहिली. जमिनीवर पिवळे पट्टे, पट्ट्यांवर रांगेतली माणसं. काचेतून टेबल दिसत होतं. बघते तर एफुआ एकेक कोट खाली काढतेय! बाई चिडून सामान आवरते की काय? पण एफुआने कोट उलटा केला, अस्तर बाहेर काढलं आणि पुन्हा हँगरला लावला. मग दुसरा. मग तिसरा. अठराच्या अठरा.

"सुलट बाजू कुणीही नटवतं, शिवणारणीची परीक्षा उलट बाजूला," हे जयंतीनेच तिला सुनावलं होतं, एफुआने स्वतः शिवलेला पहिला कोट टोपलीतून परत पाठवताना. तेव्हा एफुआ दोन दिवस बोलली नव्हती.

एका उंच आजोबांनी विचारलंच, "उलटे का टांगलेत?"

एफुआचा आवाज काय विचारता! बंद काचेतून सायकलीपर्यंत आला. "आ-आ! मला काय विचारता? ही बाजू जिनं केली ती बाहेर उभी आहे! इथे टेबलामागे एकच माणूस चालतो!"

आजोबा कोट घेऊन बाहेर आले. त्यांच्यामागून दोन मुली. जयंतीने अस्तरावर बोट ठेवून टाके दाखवले. रांगेतली माणसंही वळून बघायला लागली. अर्ध्या तासात रांगेचं तोंड हॉलकडून सायकलींकडे फिरलं, दीड-दीड मीटर सोडून, नियमात अगदी चोख.

मग मारलूस आली. मान प्रथमच सरळ. "मेव्राऊ, तुम्ही आत आलात तर..."

"आणि गोंधळ?" जयंतीचा आवाज आता चांगला खणखणीत लागला होता. "येईन की. आधी ते कार्ड आणा. पेन आहे? एफुआपुढे घाना लिहा. खाली माझं नाव, त्यापुढे पुणे."

मारलूसने कार्ड आणलं आणि भिंतीला टेकवून लिहिलं.

जयंतीने ते हातात घेतलं, मान तिरकी केली, नीट वाचलं.

"ल्यूऽऽक," ती म्हणाली, आणि आत गेली.