काळ्या दारूचा बार

मुझम्मिलच्या नोकरीचा विषय निघाला की दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. "शारजात दारूबंदी आणि याचं दारूचं काम?" मग त्याची बायको फिरदोस समजावायची, "अगं, बंदुकीची दारू. प्यायची नाही."

मुझम्मिल दाभोळ खाडीकाठचा. भातावर येणाऱ्या डुकरांसाठी त्याच्या अब्बांकडे ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतून गजानं ठासायचं काम लहानपणी त्याच्याकडे असे. पुढे दुबईत एसी दुरुस्तीची कामं करता करता शारजाबाहेरच्या एका शूटिंग क्लबात तो बंदुका साफ करायला लागला, आणि तिथेच त्याची फहदशी गाठ पडली.

फहद अमिरातीच्या फौजेतून निवृत्त झालेला, साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं परदेशातून एक जुनी निशाणबाजीची रायफल आणवली होती. एका वेळी एकच काडतूस घेणारी आणि काळ्या दारूवरच चालणारी. युरोपात अशा जुन्या रायफलींची स्पर्धा भरते, तिथे त्याला उतरायचं होतं. बाजारची काडतुसं तिला जमत नव्हती. प्रत्येक रायफलीची आवड वेगळी असते, तिचा बार तिच्याच कलानं बसवावा लागतो.

"तू बनायेगा?" फहदनं विचारलं.

"इन्शाल्ला," मुझम्मिल म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला येणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

काम सोपं नव्हतं. दारू किती भरायची, कितपत दाबायची, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती केवढी जाड ठेवायची, गोळीच्या शिशात कथील किती मिसळायचं, गोळीला लावायच्या मेणात तेल किती. यातलं एक बदललं की बाकी सगळं बिघडायचं. त्यात वाळवंटाची कोरडी हवा. पहिल्या दोन-तीन गोळ्या नीट जायच्या, मग नळीतली काजळी दगडासारखी घट्ट व्हायची आणि पुढच्या गोळ्या वाट्टेल तिकडे. मुझम्मिल प्रत्येक बारानंतर एक बारीक नळकांडं रायफलीत घालून त्यातून तोंडानं फुंकायचा. श्वासाच्या ओलीनं काजळी मऊ पडायची. फहद शेजारी उभा राहून धीर धरायचा. "यल्ला, फिरसे," एवढंच म्हणायचा.

दारू क्लबच्या लोखंडी कपाटात बंद असे आणि तिच्या आसपास शेगडी पेटवायला सक्त मनाई होती. म्हणून गोळ्या ओतायचं काम मुझम्मिलनं घरी आणलं. रेंजवरच्या मातीच्या बंधाऱ्यातून जुन्या गोळ्या चाळून तो पिशवीत भरायचा आणि सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत बसून वितळवायचा. वर आलेली राख चमच्यानं काढून डब्यात टाकायचा, साच्यात शिसं ओतायचा. गोळी थंड झाली की चांदीसारखी चमकायची. ती तळहातावर घेऊन तो बघत राहायचा. फिरदोस वासानं वैतागायची, पण कधी नव्हे तो नवरा असा खुशीत होता, म्हणून ती काही बोलायची नाही. बाल्कनी झाडून घ्यायची आणि त्यांची चार वर्षांची अजरा मग तिथेच खेळायला बसायची.

त्या हिवाळ्यात अजराचं पोट दुखायला लागलं. जेवेना. पूर्वी नर्सरीतून आली की "अब्बू, look at me" म्हणत सगळं घर डोक्यावर घ्यायची, ती गप्प झाली. भिंतीचा रंग खरवडून तोंडात घालायला लागली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मुझम्मिलच्याही पोटात कळा यायच्या. कॅन्टीनच्या बिर्याणीचा त्रास असेल, असं तो धरून चालला.

आणि एका सकाळी बार जमला. फहदनं पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून मुझम्मिलनं पाहिलं, तर पाचही भोकं एका तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ.

"खलास! बन गया!" फहद म्हणाला आणि त्यानं मुझम्मिलला मिठी मारली.

रेंजवर फोन नेता येत नसे. लॉकर उघडून त्यानं फोन हातात घेतला तर फिरदोसचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. अजराला झटका आला होता. ती हॉस्पिटलमध्ये होती.

तिथल्या मुलांच्या डॉक्टर सुचित्रा पुण्याच्या. अजराच्या रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी दोघांना केबिनमध्ये बसवलं आणि मराठीतच विचारलं, "घरात काही काम चालतं का? बॅटरीचं, रंगाचं, भांड्यांना कल्हई लावायचं?"

"नाही," फिरदोस म्हणाली.

मुझम्मिल आपल्या हातांकडे बघत होता. "शिसं," तो म्हणाला. "मी शिसं वितळवतो. बाल्कनीत."

डॉक्टरांनी रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला. "हिच्या रक्तात शिसं खूप आहे. मेंदूपर्यंत गेलंय. ते शरीरातून काढायची औषधं आपण आज सुरू करतोय. तुम्ही दोघंही तपासून घ्या."

"ती बरी होईल ना?"

"रक्तातलं उतरेल. बाकीचं मी आत्ता सांगू शकत नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये फिरदोस भिंतीला टेकून उभी राहिली. ती ओरडेल, हात उगारेल, असं त्याला वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचे ते कपडे मी तिच्या फ्रॉकांबरोबर मशीनला लावायचे. एकत्रच."

"तुला काय माहीत होतं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

 शिशाचं काम झालं की हात धुवावेत, एवढं त्यानं ऐकलं होतं. हात तो धूतही होता.

संध्याकाळी फहद आला. खुर्चीत बसून बराच वेळ त्यानं तसबीहचे मणी ओढले. मग म्हणाला, "गोलियाँ तू घर में बनाता था?"

"हो."

"मैंने कभी पूछा नहीं." तसबीह खिशात घालून तो उठला. भरून ठेवलेल्या काडतुसांचं काय करायचं, हे विचारायला आठवड्यानं त्याचा फोन आला. मुझम्मिल म्हणाला, "तुम्हाला हवं ते करा. मला हात लावायचा नाही." उन्हाळ्यात फहद ती घेऊन स्पर्धेला गेला. चांगला खेळला, असं क्लबातल्या कुणीतरी सांगितलं.

गाद्या, खेळणी, पडदे सगळं टाकून त्यांनी करामातलं घर सोडलं. अजराच्या रक्तातलं शिसं उतरलं, झटके थांबले. शब्द मात्र परतले नाहीत. आज ती सात वर्षांची आहे. हाक मारली की बघते, हवं त्या वस्तूकडे बोट दाखवते. फिरदोस तिला शारजातल्या खास मुलांच्या शाळेत नेते-आणते. मुझम्मिल खोर फक्कानच्या बंदरात कंटेनरच्या गेटवर नोकरी करतो आणि सुट्टीला घरी येतो. एका कानानं त्याला कमी ऐकू येतं. नवरा-बायको एकमेकांशी नीट बोलतात, पण त्या दिवसांचा विषय दोघंही काढत नाहीत.

मागच्या महिन्यात ड्यूटीवर असताना फिरदोसचा फोन आला. "आज पाणी म्हणाली. स्पष्ट. ग्लासकडे बघून."

"परत म्हणायला सांग. फोन तिच्या तोंडाशी धर."

त्यानं फोन चांगल्या कानाला घट्ट दाबला. पलीकडून फिरदोस समजावत होती, "बोल ना बेटा. पाणी. अब्बू ऐकतायत." एक ट्रेलर येऊन हॉर्न वाजवायला लागला, त्याच्यामागे दुसरा लागला. मुझम्मिलनं हातानं त्यांना थांबा म्हणून खुणावलं. अजराचा श्वास त्याला ऐकू येत होता. ती काही बोलली नाही.