शीर न सापडणाऱ्या बाई

महाल भागातल्या आमच्या शेजारीणबाईंइतकी वाईट इंजेक्शनं देणारी नर्स अख्ख्या नागपुरात दुसरी नसेल, आणि तरी दवाखान्यातला त्यांचा सगळा वॉर्ड त्यांचीच वाट पाहायचा. हे कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं आणि केस पिकल्यावरही सुटलेलं नाही. बाईंना शीर म्हणून सापडायची नाही. दोनदा टोचून झालं की त्यांचेच डोळे भरायचे, आणि ज्याचा हात सुजला तोच त्यांची समजूत घालायचा. थर्मामीटर झटकायला त्या हमखास विसरायच्या, त्यामुळे आदल्या पेशंटचा ताप पुढच्याच्या नावावर चढायचा. खाटेवर बसायचं नाही हा नियम; बाई बसायच्या, वर घरची चौकशी करत अर्धा तास बसायच्या. उलट तिथल्या मोठ्या सिस्टर कामात एकदम चोख. पहिल्याच टोचणीत शीर, घड्याळाच्या ठोक्याला औषध. मला बाई फार आवडायच्या, पण माझ्या माणसाला त्यांनी हात लावू नये असंही वाटायचं.

मग बाबाच त्या वॉर्डात आले. बाबा विणकर. साखरेच्या आजारानं उजव्या पायाची बोटं काळी पडली होती. गुरुवारपर्यंत ती कापली नाहीत तर पाय जाईल, कदाचित जीवही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा सही देईनात. मोठ्या सिस्टरांनी पायाचं चित्र काढून सगळं समजावलं. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तीन दिवस बोललेच नाहीत.

बुधवारी बाई इंजेक्शन घेऊन आल्या. तीनदा टोचलं, तिन्हीदा चुकलं. मी चिडून उठणार तेवढ्यात त्या ट्रे बाजूला ठेवून खाटेवर बसल्या आणि विचारलं, "काका, मागाची फळी कोनत्या पायानं दाबता जी?"

बाबा वळले. "उजव्यानं. बोटं गेली तं माग कसा चालन?"

यावर काहीतरी धीराचं बोलावं की नाही? बाई म्हणाल्या, "मले नाही मालूम जी," आणि रडायलाच लागल्या. मी कपाळावर हात मारला. बाबा गडबडून उठून बसले, त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि मला म्हणाले, "आन गा तो सहीचा कागद. बाई रडून राह्यली."

ऑपरेशन झालं. बाबा पुढं टाचेनं फळी दाबायला शिकले आणि बरीच वर्षं विणत राहिले. पट्टी मात्र त्यांनी रोज मोठ्या सिस्टरांकडूनच करून घेतली. फक्त बाईंनी तेवढा वेळ खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं, ही अट होती. मोठ्या सिस्टर आधी रागावल्या, मग स्वतःच बाईंना हाक मारू लागल्या.

मागच्या महिन्यात मला सलाईन लावायला आलेल्या मुलीला पहिल्याच टोचणीत शीर सापडली. मुळीच दुखलं नाही. मी तिचे मनापासून आभार मानले, आणि मग मान वळवून खाटेच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं.