लांजेवार काकांची ॲड आणि माझं ‘छान आहे’

ॲड चालू होऊन पंधरा दिवस झाले आणि पहिला फोन आला. तो सुपेल्यातल्या एका भंगारवाल्याचा होता. लांजेवार काकांची मुलगी शुभांगी माझ्याच टेबलापाशी बसली होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“मॅडम, वो जो टूटी स्कूटी दिखाए हो, बेचोगे क्या?”

शुभांगीने नाही म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. ती ॲड मीच चालवली होती.

मी रायपूरजवळच्या आमच्या स्टील प्लांटच्या शहरात, सुपेल्यात, एका छोट्या एजन्सीत काम करते. दुकानदार, क्लासवाले, दवाखानेवाले यांच्या जाहिराती आम्ही लोकांच्या मोबाइलवर पोचवतो. माझं काम ॲड रिव्ह्यूचं. म्हणजे ॲड चालवायच्या आधी ती परक्या माणसाच्या नजरेने पाहायची आणि क्लायंटला खरं काय ते सांगायचं. फोटो कळतो का, नंबर दिसतो का, पाहणाऱ्याला पुढे काय करायचं ते समजतं का. नऊ वर्षं हेच करते आहे आणि अनोळखी माणसाला सांगताना माझी जीभ कधी अडखळत नाही. एका मिठाईवाल्याला मी सांगितलं होतं की तुमच्या फोटोतली जिलबी वायरच्या गुंडाळीसारखी दिसते. तो हसला आणि नवा फोटो घेऊन आला.

लांजेवार काकांना मात्र मी “छान आहे” म्हटलं होतं.

काका प्लांटच्या सेफ्टी विभागात होते आणि माझे वडील रोलिंग मिलमध्ये. एकदा वडील हेल्मेट न घालता गेले तर काकांनी त्यांना गेटवरून घरी पाठवलं, आणि संध्याकाळी स्वतः आमच्या क्वार्टरवर येऊन चहा पीत माझ्या आईला कारणही समजावून सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव जपून घेतात. अशा माणसाला ॲडमध्ये चूक आहे असं कोण सांगणार?

रिटायर झाल्यावर काकांनी वैशाली नगरच्या मोकळ्या मैदानात बायकांसाठी स्कूटर शिकवण्याचा क्लास काढला. शिकवते त्यांची मुलगी शुभांगी. काका खुर्ची टाकून रजिस्टर आणि शिट्टी घेऊन बसतात. शिट्टी वाजली की शिकणारी बाईच काय, मैदानातल्या गाईसुद्धा थांबतात.

ॲड त्यांनी स्वतः बनवून आणली होती. वर चेंदामेंदा झालेल्या स्कूटीचा फोटो. त्याखाली लाल अक्षरात, ‘आज नहीं सीखा, तो कल पछताओगे’. मग ‘हे करू नका’ अशी अकरा कलमांची यादी. एका कोपऱ्यात कोट घातलेले काका, आणि त्यांच्या पायाशी मुंगीएवढा फोन नंबर. मला पहिल्याच नजरेत सगळं दिसलं होतं. पण काका चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते आणि मी चहा मागवला होता.

त्यांच्या रिटायर्ड मित्रांच्या ग्रुपवर तर कौतुकाचा पूर आला. “साहेब, एक नंबर.” “साहेब, अजून तीच धार.” यातल्या एकालाही स्कूटर शिकायची नव्हती. आमच्या ऑफिसातल्या साहू सरांना मी दबकत विचारलं तर ते म्हणाले, “क्लायंट खुश है ना? तो चलने दो.” मी चालवली.

भंगारवाल्याचा फोन झाल्यावर शुभांगीने मला खरी गोष्ट सांगितली. ती आधी रायपूरला एका शोरूममध्ये होती. सकाळच्या लोकलने जायची, परत यायला रात्रीचे आठ. सहा वर्षांची मुलगी आजीकडे. ते सगळं सोडून तिने हा क्लास धरला होता. आता शोरूमवाले परत बोलवत होते आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागत होते.

“क्लासले दोनच बाया आल्या ताई. त्यातली एक माझी आत्या हाये,” ती म्हणाली. “महिन्याअखेर दहा झाल्या नाई तर मले जावंच लागते. बाबाले अजून सांगतलं नाई.”

महिन्याचे पंधरा दिवस माझ्या ‘छान आहे’मध्येच गेले होते. मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मैदानावर गेले. काका खुर्चीवर होते. मी सुरुवात केली, “काका, ॲड तशी चांगली हाये, फक्त थोडी...” मग लोकांची आवड, आजकालचा जमाना, मोबाइलची स्क्रीन. पाच मिनिटं मी नुसतीच बोलत होते.

“थांब,” काका म्हणाले. “गोल गोल फिरून राहिली तू. नियर मिस लिवता येते का तुले?”

नियर मिस म्हणजे होता होता टळलेला अपघात. वरून पाना पडला, पण कोणाच्या डोक्यात नाही पडला, तरी प्लांटमध्ये त्याचा कागद लिहितात. काय दिसलं, त्यातून काय होऊ शकलं असतं, आता काय बदलायचं. कोणाची चूक ते लिहायचं नाही, आणि ‘चांगलं’, ‘वाईट’ हे शब्दही वापरायचे नाहीत. काकांनी आयुष्यभर असे कागद वाचले होते. त्यांनी रजिस्टरचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं.

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. मोडकी स्कूटी सगळ्यात वर दिसते, शिकायला निघालेली बाई घाबरते आणि अंगठ्याने ॲड पुढे ढकलते, फोटो बदलावा. नंबर वाचता येत नाही, मोठा करावा. अकरा कलमं कोणी वाचत नाही, ती क्लासच्या पहिल्या दिवशी सांगावीत. मग मी माझाही मुद्दा लिहिला. ॲड कोणत्या वयाच्या लोकांना दाखवायची ते आम्ही आधी ठरवतो, त्याला टार्गेटिंग म्हणतात. मी अठरा ते पंचवीस ठेवलं होतं. त्या वयाच्या मुली भावाची गाडी घेऊन केव्हाच शिकलेल्या असतात.

काकांनी कागद दोनदा वाचला. “नंबर मंजूर. यादी मंजूर. पण फोटो राहीन. भेव पायजेच. मी तीस वर्सं असेच बोर्ड लावले, लोकं फोटो पाहून हेल्मेटचा पट्टा कसत.”

“काका, त्याइले आत जायचंच होतं,” मी म्हटलं. “ड्युटी होती. इथं बाईनं यायचं का नाई, हेच ठरवलं नाई अजून.”

 काकांनी एकदम विचारलं, “तुले येते का स्कूटर?”

“नाई.”

“कावून?”

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी भावाची स्कूटर घेऊन मी वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर पडले. फार लागलं नाही, पण भाऊ आणि त्याचे मित्र पोट धरून हसले. त्यानंतर मी हँडलला हात लावला नाही. आज शेहेचाळिसाव्या वर्षीही मी ऑटोची वाट पाहते, नाहीतर नवऱ्याला वेळ कधी आहे ते विचारते.

“मंग आमची ॲड पाहून तू आली असती?”

“नाई काका. तो फोटो पाहून मले वाटलं, बरं झालं, शिकली नाई ते.”

समोर शुभांगी आत्याला वळण शिकवत होती. काकांनी तिकडे पाहिलं. मग पेन काढून माझ्या कागदाखाली लिहिलं, ‘फोटो हटवावा’, आणि तारखेसह सही केली. क्लासच्या रजिस्टरमध्ये माझं नावही लिहिलं, मला न विचारता.

त्या संध्याकाळी मी नवी ॲड बनवली. विकतच्या फोटोंमधून एक हसरी मुलगी निवडली, केस उडताहेत, मागे हिरवीगार झाडं. मोठ्या रुबाबात ती काकांना पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं. काय दिसलं: साइड स्टँड खाली हाये, हेल्मेटचा पट्टा खुला हाये, पायात चप्पल हाये. काय होऊ शकते: हे पोरगी पयल्या वळणावर पडते.

नऊ वर्षं लोकांच्या ॲड तपासणाऱ्या मला यातलं एकही दिसलं नव्हतं. मी चांगलीच चिडले. आता काका मला माझं काम शिकवणार का, असं मोठ्याने म्हणूनही झालं. साहू सर म्हणाले, “मॅडम, स्टँड तो सचमुच नीचे है.” मग मी फोटो काढून टाकला.

शेवटी आम्ही मैदानावरच फोटो काढला. काकांच्या दोन विद्यार्थिनींपैकी आत्या सोडली तर दुसऱ्या होत्या चरोद्याच्या मेश्राम मावशी. नवरा रेल्वेत, वय पन्नाशीच्या पुढे. त्या स्कूटीवर बसल्या, दोन्ही पाय जमिनीवर, पट्टा घट्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी म्हटलं, मावशी, थोडं हसा.

“हसू कायले? बॅलन्स पाहू का हसू?”

काका पहिल्यांदा मोकळेपणी हसले. आम्ही मावशींना विचारून तेच वाक्य फोटोवर टाकलं. त्याखाली हिंदीत एवढंच, की सुरुवात पाय जमिनीवर ठेवूनच होते आणि शिकवायला बाईच आहे. नंबर मोठा. टार्गेटिंगचं वय पस्तिशीच्या पुढे. काकांनी अकरातलं एक कलम हट्टाने ठेवायला लावलं, हेल्मेटचं. मी वाद घातला नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. “पैंतालीस की हूँ, चलेगा?” शुभांगी म्हणाली, “दौड़ेगा.” मग येतच राहिले. एकीने नवऱ्याला कळू न देता येता येईल का असं विचारलं, एकीने सासूलाही सोबत आणू का म्हणून. महिना संपायला चार दिवस होते तेव्हा रजिस्टरमध्ये तेरा नावं होती, मला धरून.

त्या दिवशी काका आणि शुभांगी आमच्या ऑफिसात आले होते. शुभांगीने तिथूनच रायपूरला फोन लावला आणि म्हणाली, “नहीं सर, मैं नहीं आ रही.” ती फोन ठेवत होती आणि काका तिच्याकडे पाहत होते.

“कुठं नाई म्हणून राहिली?”

तिने सगळं सांगितलं.  काका माझ्याकडे वळले.

“तुले माईत होतं?”

“हो काका.”

“अन् ॲड बिघडली हाये, हे पयल्या दिवशीच दिसलं होतं?”

“हो.”

“मंग छान कावून म्हणली?”

“तुमचा मान राखला, काका.”

काकांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

“माहा मान राखता राखता पोरगी रायपूरले चालली होती.”

 आता ओळखीचं माणूस ॲड घेऊन आलं की मी आधी ती पाहते, काय चुकलंय ते सांगते, आणि मग चहा मागवते. पूर्वी मी चहा आधी मागवायची.