कोरल रंगाचे ठिपके

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात ग्लेनिसकडे बिघडलेली वस्तू न्यायची म्हणजे धाडसाचं काम. वस्तू नंतर, आधी आणणाऱ्याची झडती. "चहा सांडलास ना यात? खरं सांग!" वय त्रेसष्ट. आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि दर शनिवारी संध्याकाळी बोलिंग क्लबात गिटार वाजवली.

तिचा अँप्लिफायर व्हॉल्व्हचा. आतले काचेचे दिवे तापले की मगच तोंड उघडणारा आणि उचलायला दोन माणसं लागणारा. त्याचं सगळं ती स्वतःच करायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सोल्डरचा धूर एकीकडे, गार होत चाललेली खिमा-बटाट्याची पेस्टी दुसरीकडे.

एक खोड मात्र होती बाईला. तपासून झालेल्या प्रत्येक जोडावर नि बोल्टावर ती नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. बाटली लग्नातली, कोरल रंगाची. तो रंग बाजारातून कधीच गेला. नवराही गेला, ॲडलेडला, दुसरीबरोबर. बाटली तेवढी थिनर घालून घालून टिकवलेली. ठिपका दिसला की इथे आपली नजर फिरलीय, पुन्हा बघायला नको, असा तिचा हिशोब.

आणि अँप्लिफायरची मागची फळी? सहा स्क्रूंची जागा, लावलेले दोन. "रोज कोण सहा सहा काढत बसणार?" म्हणायची. "आणि इथे चोरणार कोण, सीगल?"

क्लबातल्या बँडमध्ये तिच्या डावीकडे बावीस वर्षं डेन्झिल पास्को उभा. दुसरी गिटार त्याची. सोल्डर धरायला त्याला तिनेच शिकवलं. "आधी प्लग काढ. मग साठलेली वीज उतरव. आणि एक हात खिशात. दोन्ही हात आत घातलेस तर थेट काळजातून जाईल, मग तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

एप्रिलमध्ये ग्लेनिस मुलीच्या बाळंतपणाला तीन आठवडे ॲडलेडला गेली. इकडे ग्लेनिसच्या घरावरचे पत्रे बदलायचे होते, म्हणून अँप्लिफायर डेन्झिलच्या गॅरेजमध्ये ठेवला. परत आणला तर आवाज बसलेला, चादरीखालून बोलल्यासारखा. तिने व्हॉल्व्ह बदलले, कपॅसिटर बदलले, स्पीकरसुद्धा बदलून पाहिला. ठिपके सगळे जागच्या जागी. तरी आवाज काही उघडेना.

"डेन्झिल, ऐक ना. बसलाय की नाही?"

"मला तर नेहमीसारखाच वाटतो गं." त्याने खांदे उडवले. "ग्लेन, राग मानू नकोस, पण वय होतं. माझ्या आईचे कान असेच गेले."

त्याच शनिवारी डेन्झिलचा अँप्लिफायर असा गोड वाजला, असा भरून वाजला, की ग्लेनिसने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "काय केलंस रे याला?"

"नवे व्हॉल्व्ह," तो म्हणाला आणि बिअर आणायला गेला.

महिनाभर ती स्वतःच्या कानांना शिव्या घालत होती. पहिली गिटार डेन्झिलला द्यायची, आपण सोडायचं, असं मनाशी ठरवूनही टाकलं. तेवढं सांगण्यापूर्वी एकदा खात्री करावी म्हणून शेजारच्या कदिना गावी जाऊन कान तपासून घेतले. तपासणारी पोरगी हसली. "आजी, एवढे चांगले कान माझ्या नवऱ्याचेसुद्धा नाहीत."

"तो ऐकत नाही, ते वेगळं," ग्लेनिस म्हणाली. पण गाडीत बसल्यावर तिचं हसू विरलं. कान चांगले, मग खोटं कोण बोललं?

घरी आल्या आल्या तिने अँप्लिफायर ओढत ओढत व्हरांड्यात, लख्ख उन्हात काढला. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली जे कधी दिसलं नसतं, ते इथे दिसलं. स्पीकरला आवाज पोचवणारा जुना ट्रान्सफॉर्मर एका मोडक्या रेडिओग्राममधून, रेडिओ-रेकॉर्डप्लेअरच्या जुन्या कपाटातून, काढून तिने बसवला होता. त्याच्या चार बोल्टांवरचे ठिपके कोरल नव्हते. विटकरी होते. पुरुषाला काय कळतंय! लाल म्हणजे लाल. ती वाकून बघत राहिली. ट्रान्सफॉर्मरही तिचा नव्हता, तेल-धूळ चोळून म्हातारा केलेला दुसराच होता.

ती सरळ डेन्झिलच्या गॅरेजमध्ये गेली. "तुझा उघड."

"आत्ता? अगं, कशाला?"

"उघड म्हटलं ना."

त्याने प्लग काढला, वीज उतरवली आणि एक हात खिशात घातला. तिने शिकवलं होतं तसंच, अगदी तसंच. आत तिचा ट्रान्सफॉर्मर बसला होता, कोरल ठिपक्यांसकट.

"बावीस वर्षं लोक तुझंच ऐकतात," तो खाली बघत म्हणाला. "एकदा मला तसं वाजायचं होतं."

"मग मागायचास! दिला असता, मूर्खा, हसत दिला असता. ट्रान्सफॉर्मर नेलास ते जाऊ दे. मी ऐकत होते ते खरं होतं, आणि तू मला बहिरी ठरवलंस. मी तुझंच खरं मानलं रे."

त्याने पान्याने बोल्ट सोडवले, तारा सोडवल्या, ट्रान्सफॉर्मर तिच्या हातात दिला. "शनिवारी...?"

"मी येणार आहे," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

घरी तिने तो बसवला आणि एक तार छेडली. आवाज आला, स्वच्छ, भरलेला, तिचा. "ऐकलंस?" असं विचारायला तिने सवयीने डावीकडे मान वळवली. तिकडे फ्रिज होता.

मग तिने स्क्रूंचा डबा उपडा करून आणखी चार स्क्रू शोधले. मागच्या फळीला सहाच्या सहा लावले, घट्ट. प्रत्येकावर कोरल ठिपका दिला. सहाव्यासाठी बाटलीचा तळ खरवडावा लागला.