पाचव्या खुर्चीतला खाटीक

आमच्या मंडळात त्याला सगळे 'तोफ' म्हणायचे. धंद्याने खाटीक. वजनात मारतोस, असं एक गिऱ्हाईक बोललं, तर याने काट्यावरचं वजन उचलून त्याचं नाक फोडलं. सख्ख्या मेव्हण्याला जिन्यावरून ढकललं, कारण काय, तर तो मध्येच बोलला! शब्दाला शब्द लागला की हा उठलाच. असा माणूस राज्याच्या ॲक्युपंक्चर मंडळावर कसा? आमचं मंडळ सुया टोचणाऱ्यांना परवाने देतं आणि त्यात दोघे सामान्य जनतेतले लागतात. आमच्यातल्याच एकाने याची कंबर बरी केली होती, त्याने नाव सुचवलं. मी जन्मभर सुया टोचत आले, तशी भित्री नाही. पण पहिल्या बैठकीत त्याच्या शेजारची माझी खुर्ची मी हळूच लांब सरकवली होती.

मग त्याच्या जावयाचंच प्रकरण आमच्यापुढे आलं. जावई आमच्या धंद्यातला. दारू पिऊन त्याने एका बाईच्या छातीत सुया इतक्या खोल घुसवल्या की दोन्ही फुप्फुसं फाटली आणि बाई दवाखान्यातच दगावली. तिच्या भावाने जाब विचारला, तर त्याचा जबडा तोडला. जावयाच्या हाताखाली काम करणाऱ्या त्याच्या बायकोने, म्हणजे तोफेच्या मुलीने, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिनेच तक्रार केली आणि बापाकडे निघून आली. कोर्टातला खटला रेंगाळत होता, आणि हा नराधम जामिनावर सुटून रोज नव्या माणसाला टेबलावर झोपवत होता. परवाना काढून घेणं तेवढं आमच्या हातात होतं.

पण त्याला कोरम लागतो. आम्ही नऊ जण. त्यातले पाच तरी हवेत, आणि ठराव पूर्ण वाचून मतं पडेपर्यंत पाचही खोलीत हवेत. एक जरी बाहेर पडला की बैठक मोडली, पुढची तीन महिन्यांनी. आरोपीच्या नातेवाइकाला मत नाही, बोलायचीही मुभा नाही. पण तो बसलेला असेल तर कोरममध्ये धरायचा. जावयाने हे नियम आमच्यापेक्षा नीट वाचले होते. पहिल्या बैठकीआधी त्याने आमच्या एका सभासदाला जिन्यात गाठून त्याची दोन्ही मनगटं मोडली, आणि भीतीपोटी त्या सभासदाने पोलिसांत नावही घेतलं नाही. सुया टोचणाऱ्याची मनगटं! बाकीच्यांची पाचावर धारण बसली. ती बैठक मोडली, दुसरीही मोडली. तिसरीला आम्ही कसेबसे चौघे जमलो, आणि पाचवा तोफ. मुलगी त्याला हाताला धरून घेऊन आली.

"बाबा, काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही," ती दारातच म्हणाली.

"मी? बसून राहू?"

"आयुष्यात एकदा तरी बसा."

आम्ही हसलो. तोफही हसला.

जावयाचं म्हणणं ऐकून झालं आणि रिवाजाप्रमाणे त्याला बाहेर पाठवलं. मुलगी साक्षीदार, म्हणून तीही बाहेरच, पहारेकऱ्याजवळच्या बाकावर. अध्यक्षांनी ठराव हातात घेतला न घेतला तोच पहारेकरी कोसळल्याचा आवाज आला. चिटणिसाने धावत जाऊन आतून कडी घातली आणि पोलिसांना फोन लावला.

"सासरेबुवा, या की बाहेर! लेकीला न्यायला या!"

मग डोकं दारावर आपटल्याचा आवाज. कुणाचं, ते सांगायला नको.

तोफ अर्धा उठला.

"बाबा, बसा!" बाहेरून ती ओरडली.

तो बसला. पुन्हा आवाज. पुन्हा "बाबा, बसा!" अध्यक्ष ततपप करत एकच ओळ दोनदा वाचत होते. मला त्या नियमाचा, त्या कागदाचा, आम्हा सगळ्यांचा असा संताप आला की मी त्यांच्या हातून ठराव हिसकावला आणि धडाधड वाचत सुटले. शेजारी लाकूड कडाडलं. तोफेच्या खुर्चीचा हात उखडून त्याच्या मुठीत आला होता. बाहेरून "बसा" आता नीट ऐकू येत नव्हतं. मग काहीच ऐकू येईना, फक्त फटके. तोफेच्या तोंडातून रक्त येत होतं, त्याने स्वतःचाच ओठ चावला होता.

चार मतं, चारही परवाना रद्द करण्याच्या बाजूने.

"उठा," मी म्हणाले.

त्याने कडी काढली. जावई तिला केसांना धरून उभा होता. तोफेने हातातलं लाकूड एकदाच फिरवलं आणि जावई आडवा झाला. दुसऱ्या फटक्यासाठी हात वर गेला, तेवढ्यात जमिनीवरून मुलीने विचारलं,

"झालं का?"

"झालं, पोरी."

"मग बसा ना."

आणि तो तिथेच, त्या रक्तात बसला. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला तो पोलिसांनाही हलवता येईना.

तिचा डावा कान कायमचा गेला. आता ती बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकं उजवीकडे येऊन बोलतात. तोफ कुणाशी भांडत नाही, शिव्या दिल्या तरी मान खाली घालून खिमा करत राहतो. परवा मी त्याला म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी उठला नाहीत, म्हणून कितीतरी जण वाचले."

त्याने सुरा खाली ठेवला.

"बाई, तिचा एक कान गेला. माझे दोन्ही शाबूत राहिले."